पश्चिमेची न्याहारीची खोली

इंग्लिश कंट्री हाऊस या विषयातली मी तज्ज्ञ आहे. हसू नका, माझ्याकडे पदवी आहे. पुण्यात आर्किटेक्चरचं पदव्युत्तर शिक्षण घेताना मी इंग्लंडातल्या जुन्या जमीनदारांच्या त्या भल्याथोरल्या घरांवर प्रबंध लिहिला होता. न्याहारीची खोली कुठल्या दिशेला, वाचनाची खोली कुठे, नोकरांचा जिना कुठल्या भिंतीआड, स्वयंपाकघर दिवाणखान्यापासून किती लांब, सगळं मला झोपेतून उठवून विचारा. फक्त एवढं विचारू नका, की बाई, यातलं एक तरी घर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का? नाही पाहिलं. माझा सगळा अभ्यास लायब्ररीतली चार पुस्तकं आणि कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला यांच्या कृपेने झाला. गाइड सर म्हणाले होते, "विषय झकास निवडलात. परीक्षकही तिकडे कधी गेलेले नाहीत, तेव्हा काळजी नको." मला फर्स्ट क्लास मिळाला.

मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागोमाग मी नेदरलँड्सला आले. नकाशात बघितलं तर इंग्लंड समोरच, मधे एवढासा समुद्र. म्हटलं, आता काय, दर शनिवार-रविवारी एकेक घर बघून टाकू. पण इथल्या परवान्यावर तिकडे जाता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो. आणि ज्या सुट्टीत तो काढायचं ठरतं त्या सुट्टीत आमच्या घरातलं कुणाचं तरी लग्न निघतं, मग आम्ही पुण्यात.

नोकरी शोधली नाही असं समजू नका. हेगजवळ लायडस्खेनडाममध्ये राहायला लागल्यापासून मी बऱ्याच आर्किटेक्टांची दारं वाजवली. सगळीकडे कॉफी मिळाली, कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळालं, आणि माझा अनुभव 'इंटरेसांट' आहे असं सांगण्यात आलं. इथे कुणी आपल्याला इंटरेसांट म्हणालं की समजायचं, विषय संपला. डच शिका म्हणाले, शिकले. तोवर लेक झाली, ती मोठी होऊ लागली आणि मी गणपतीत ऑर्डरीने उकडीचे मोदक करणारी बाई झाले. मोदक उत्तम होतात. कळ्या अगदी कंपासने आखल्यासारख्या पडतात, शिक्षण वाया गेलं नाही.

आता माझ्या कारकिर्दीतल्या एकमेव पूर्ण झालेल्या बांधकामाबद्दल सांगते. ते म्हणजे आमचा देव्हारा.

आम्ही घर घ्यायचं ठरवलं तेव्हा इथल्या एका ओळीतल्या घरांपैकी एक बघायला गेलो होतो. जिन्याखाली छान कोनाडा होता, देवांचं तोंड बरोबर पूर्वेला येत होतं. मी लगेच पर्समधून टेप काढली. घर दाखवणारा दलाल बघतच राहिला. ते घर दुसऱ्याच कुणी जास्त बोली लावून नेलं, पण लवकरच त्याला खेटून असलेलं घर विक्रीला निघालं आणि आम्हाला मिळालं. दलाल म्हणाला, "सगळं अगदी तसंच आहे." मग काय, माझ्याकडे मापं तयारच होती. ताबा मिळायच्या आधीच मी ड्रॉइंग काढलं, पुण्याला पाठवलं, सासूबाई सुताराच्या डोक्यावर उभ्या राहिल्या आणि त्याने सागवानी देव्हारा केला. जिन्याच्या उतारासारखा वरून तिरका, वर छोटा कळस, दाराला पितळी कड्या. बोटीने आला. खोकं उघडताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तर इथल्या ओळीतली घरं एकाआड एक उलटी असतात. एकाचा जिना डावीकडे तर शेजारच्याचा उजवीकडे, म्हणजे दोघांचे नळ एकाच भिंतीत येतात आणि खर्च वाचतो. हे आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मला तर त्यावर पैकीच्या पैकी मार्क होते. आमच्या घरात जिना दुसऱ्या बाजूने उतरत होता, आणि देव्हाऱ्याचं तिरकं डोकं कोनाड्यात शिरायला तयार नव्हतं. पाठमोरा फिरवला तर बसत होता, पण मग देवांची पाठ आपल्याकडे.

शेवटी तो बागेच्या दाराशेजारी भिंतीचा जो तुकडा उरला होता तिथे टेकवला. वर जिनाबिना काही नाही, तरी देव्हारा आपला कुणीतरी ढकलल्यासारखा तिरका उभा. तोंड दक्षिणेला. समोर हॉलचं दार, आणि ते उघडं असलं की थेट संडासाचं दार. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघितलं. मग म्हणाल्या, "बरं झालं गं, सगळेच दक्षिणमुखी मारुती झाले." नवरा आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचा, "हे आमच्या आर्किटेक्टचं काम." लोक हसायचे, मीही हसायचे. लेक मात्र हसायची नाही. तिच्या मैत्रिणी यायच्या असल्या की ती पितळी कड्यांवर आपलं जॅकेट टांगून ठेवायची.

लेक पंधरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं, फार लाडात असली तर इंग्रजीत. गेल्या वर्षी तिच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. शिक्षिकेने अगदी सहज विचारलं, "आई काय करते?" मी डचमध्ये वाक्य जुळवत होते, क्रियापद शेवटी न्यायचं असतं, तेवढ्यात लेकीने उत्तर देऊन टाकलं. "काही नाही, घरी असते." तिच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. शिक्षिकेने मान डोलावली आणि दोघी गणिताच्या मार्कांकडे वळल्या. मला लागलं. खूप लागलं. सायकलवरून परत येताना सगळा रस्ता वारा तोंडावर होता, त्यामुळे डोळे का लाल झालेत ते कुणाला सांगावं लागलं नाही.

त्यानंतर ठरवलं, या मुलीला एक उत्तर मिळवून द्यायचं. पगार नको, बिल्ला चालेल.

आमच्या घरापासून सायकलने जरा अंतरावर, व्लीट कालव्याच्या काठी एक जुनी हवेली आहे. हेगमधले श्रीमंत लोक पूर्वी उन्हाळ्यात अशा घरांत येऊन राहायचे. ही हवेली मूळची साधी डच, विटांची, चौकोनी. पुढे एका मालकाला इंग्लंडचं वेड लागलं आणि त्याने एका अंगाला मोठा इंग्लिश धाटणीचा भाग बांधून घेतला. तिथे न्याहारीची खोली, वाचनाची खोली, नोकरांचा लपवलेला जिना, सगळं साग्रसंगीत. आता हवेली लोकांना बघायला खुली आहे आणि तिथे बिनपगारी हौशी गाइड लागतात, त्यांना छातीवर लावायला नावाचा बिल्ला मिळतो. मी अर्ज केला.

गाइडांच्या प्रमुख एक सत्तरीतल्या बाई होत्या. ताठ, पांढरे आखूड केस, गळ्यात चष्म्याची साखळी. हवेलीची माहितीपुस्तिका त्यांनीच लिहिलेली. त्यांच्यामागोमाग मी पहिल्यांदा त्या इंग्लिश भागात शिरले. आयुष्यभर ज्याच्या झेरॉक्स बघितल्या ते समोर उभं होतं. डचांनी केलेलं का असेना. मी भिंतीला हात लावून बघितला आणि बाई म्हणाल्या, "भिंतीला हात लावायचा नाही."

न्याहारीच्या खोलीशी आल्यावर मात्र मी अडखळले. तशा घरात न्याहारीची खोली पूर्वेला असते, सकाळचं कोवळं ऊन टेबलावर यावं म्हणून. ही पश्चिमेला होती. सकाळी तिथे नुसता गारठा. मी बाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "मालक फार उशिरा उठायचा. दुपारी न्याहारी करायचा, म्हणून त्याने मुद्दाम इकडे घेतली. इंग्लंडला जाऊन एकेक घर बघून, विचार करून बांधलंय त्याने." पुस्तिकेत हेच होतं. लोकांना ही गोष्ट फार आवडायची.

मी मान डोलावली. घरी आले, पुस्तिका पाठ केली. बिल्ला हवा होता ना मला! मालक उशिरा उठायचा तर उठू दे, माझं काय जातंय?

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. वाचनाची खोली पूर्वेला होती. म्हणजे मालक संध्याकाळी वाचायला बसायचा तेव्हा तिथे अंधार. तोही उशिरा उठण्यामुळेच का? आणि स्वयंपाकघर पश्चिमेच्या टोकाला. अहो, इथे एक दिवस सायकल चालवलेल्या माणसालाही कळतं की वारा कायम पश्चिमेकडून येतो. स्वयंपाकघर तिकडे ठेवलं तर कांदा परतल्याबरोबर सगळा वास दिवाणखान्यात. इंग्लंड हिंडून, विचार करून घर बांधणारा माणूस असं कशाला करेल? हे सगळं मी भाजी निवडता निवडता नवऱ्याला ऐकवत होते. तो लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला, "तुझ्यासारखाच असेल कुणीतरी."

तो चिडवत होता. मी मात्र मेथीची जुडी हातात घेऊन तशीच बसले.

हवेलीत एक नियम होता. नवीन गाइडने आधी एक परीक्षेची फेरी करायची, जुने गाइड पाहुणे बनून मागे चालणार, आणि आपल्या घरचं एक माणूस बरोबर आणायचं, म्हणजे बाहेरच्या माणसाला कितपत कळतं ते बघता येतं. नवऱ्याची त्या दिवशी काहीतरी महत्त्वाची मीटिंग होती. इंजिनियरांची मीटिंग नेमकी त्याच दिवशी असते. लेक आली, तीही अट घालून. "तिथे माझ्याशी मराठीत बोलायचं नाही." म्हटलं, नाही बोलणार बाई, तू चल फक्त.

सुरुवात बरी झाली. विटांचा जुना भाग, छताचं नक्षीकाम, सगळं पाठ केल्याप्रमाणे सुरळीत बोलले. एकदा 'छत' म्हणायचं ते 'तळघर' म्हणून गेले आणि सगळ्या पाहुण्यांनी वर बघायचं ते खाली बघितलं. लेकीने डोळे मिटून घेतले. मग आम्ही न्याहारीच्या खोलीत आलो. बाहेर दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी तोंड उघडलं. 'मालक उशिरा उठायचा' एवढंच म्हणायचं होतं. बिल्ला तिथे टेबलावर, बाईंच्या कागदांशेजारी पडलेला दिसत होता.

"मालक उशिरा उठत नव्हता," मी म्हणाले. "मालक कधी इंग्लंडला गेलाच नसावा असं मला वाटतं."

प्रमुख बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

माघार घ्यायला जागा नव्हती. मी पाहुण्यांना वाटायचा हवेलीचा नकाशा उचलला, पालथा केला आणि खिडकीच्या काचेवर दाबून धरला. ऊन आरपार आलं आणि पातळ कागदावर नकाशा उलटा उमटला. न्याहारीची खोली पूर्वेला गेली. वाचनाची खोली पश्चिमेला, संध्याकाळच्या उजेडात. स्वयंपाकघर वाऱ्याच्या पलीकडे. प्रत्येक खोली आपापल्या जागी जाऊन बसली. माझ्या मोडक्या डचमध्ये मी सांगितलं, की त्या काळी इंग्लिश घरांच्या नकाशांची मोठमोठी पुस्तकं निघायची. ती महाग असत. मग दुसरे छापखानेवाले त्यांची चोरून स्वस्त आवृत्ती काढायचे. छापलेलं पान समोर ठेवून तसंच तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, आणि पत्र्यावरून छापलं की चित्र उलटं यायचं. मालकाच्या हाती तसलंच पुस्तक लागलं असणार. त्याने बिचाऱ्याने ते मनोभावे बांधलं. "मीही झेरॉक्सवर शिकलेली आहे," मी म्हणाले, "मला ही जात ओळखू येते."

एक जुने गाइड नकाशाजवळ येऊन बघून गेले. बाई म्हणाल्या, "इंटरेसांट."

झालं. संपलं. माझा हात काचेवरून खाली आला. किती शहाणपणा करायचा माणसाने! दोन वाक्यं पाठ म्हणायची होती आणि घरी जायचं होतं. तेवढ्यात बाईंनीच पुढे विचारलं, "पण एवढं मोठं घर बांधताना हे कुणाच्याच लक्षात कसं येणार नाही? ज्याला थोडीफार अक्कल आहे, तो असली चूक करेलच कशी?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण डचमध्ये नव्हतं. देव्हारा म्हणजे काय ते कसं सांगायचं? देवांचं कपाट? कोनाडा, कळस, सासूबाई, बोट, सगळे शब्द एकदम दाटीने आले आणि एकही बाहेर पडेना. चेहरा तापला. लेकीकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"होऊ शकते अशी चूक," मागून लेकीचा आवाज आला. स्वच्छ डचमध्ये. "आमच्या घरी झालीय. आमच्याकडे देवांचं छोटं देऊळ आहे, लाकडाचं. माझ्या आईने ते शेजारच्या घराच्या मापाने काढलं आणि आमचं घर निघालं त्याच्या उलटं. ती आर्किटेक्ट आहे, तिच्याकडे मोठी पदवी आहे. तरी झाली. गेली कित्येक वर्षं आमचे देव टॉयलेटकडे बघतायत."

सगळे गाइड खो खो हसले. बाईही हसल्या, चष्मा काढून डोळे पुसत. मला मात्र 'टॉयलेट' वगैरे काही ऐकू आलं नव्हतं. मी त्याच्या आधीच्या वाक्याशीच अडकले होते. ती आर्किटेक्ट आहे. इतक्या वर्षांत हे वाक्य या देशात कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

बिल्ला मिळाला. एकदम नाही. बाईंनी आधी जुनी पुस्तकं जमवणाऱ्या त्यांच्या कुणा ओळखीच्या माणसाला विचारलं, बरेच दिवस काही कळवलं नाही, आणि मग एक दिवस फोन करून म्हणाल्या की माझं म्हणणं 'अशक्य नाही'. डच माणसाने अशक्य नाही म्हटलं म्हणजे आपण पेढे वाटावेत. मी वाटले. तेव्हापासून दर शनिवारी न्याहारीच्या खोलीत मी दोन्ही गोष्टी सांगते, त्यांची आणि माझी. शेवटी विचारते, तुम्हाला कुठली पटते? जवळजवळ सगळे उशिरा उठणाऱ्या मालकाच्या बाजूने हात वर करतात. लोकांना अभ्यासापेक्षा आळस जवळचा वाटतो, त्याला मी काय करणार?

या दिवाळीच्या आधी नवऱ्याला उपरती झाली. इतकी वर्षं चेष्टा केली त्याचं वाईट वाटलं असावं. त्याने ओळखीतून एक सुतार शोधला, तो देव्हाऱ्याचं तिरकं डोकं कापून दुसऱ्या बाजूने बसवून देणार होता. मग देव कोनाड्यात जाणार, तोंड संडासाकडून वळणार, सासूबाई सुखाने झोपणार. मी आनंदाने हो म्हटलं. सुतार आला, त्याने मापं घेतली, पेन्सिलने सागवानावर रेघही मारली.

तेवढ्यात लेक शाळेतून आली, बरोबर एक मैत्रीण. बरेच दिवस जॅकेट कड्यांवर नसतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मैत्रिणीने विचारलं, इथे काय चाललंय? लेकीने सुताराकडे बघितलं, पेन्सिलीच्या रेघेकडे बघितलं, आणि दप्तर खाली टाकून देव्हाऱ्यासमोर आडवी उभी राहिली.

"ए आई, नाही हं," ती म्हणाली. मराठीत, मैत्रिणीसमोर, सुतारासमोर. "कापायचा नाही. ती हवेली उलटी बांधलीय हे तू कशावरून ओळखलंस असं कुणी विचारलं, तर मी काय दाखवू?"

सुताराला चहा देऊन परत पाठवला. देव अजून संडासाकडेच बघतायत. रोज सकाळी दिवा लावताना मी त्यांची माफी मागते, आणि हॉलचं दार तेवढं लोटून घेते.